वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्क ते सिंगापूर नेमके किती लांब?

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट समजली, की पुढच्या चारांचा बराचसा उलगडा आपोआप होतो, म्हणून त्या दोन उत्तरांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : न्यूयॉर्क आणि सिंगापूर यांच्यातील हवाई अंतर मला एके ठिकाणी सुमारे १५,३५० किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी ९,५०० मैलांहून थोडे अधिक आणि तिसऱ्या ठिकाणी सुमारे ८,३०० मैल असे आढळले. त्यातच एका प्रवाशाने सांगितले, की त्याचे विमान साडेसोळा हजार किलोमीटर उडाले. यांतला खरा आकडा कोणता?

उत्तर : चारही आकडे बरोबर असू शकतात, मात्र ते सगळे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिले तीन आकडे म्हणजे एकच अंतर तीन वेगवेगळ्या मापांत सांगितलेले आहे. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, तर जहाजे आणि विमाने ज्या मापात हिशेब ठेवतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. दोन्हींना नुसते ‘मैल’ म्हटले, की बाराशे मैलांची तफावत दिसू लागते आणि वाचणारा गोंधळतो. आकड्यामागे ‘सागरी’ हा एक शब्द लिहायचा कंटाळा केल्यामुळे हे घडते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

हे अंतर कसे काढतात, ते तुम्हाला घरच्या घरी पडताळता येईल. तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याचे एक टोक न्यूयॉर्कवर आणि दुसरे सिंगापूरवर धरा, आणि दोरा दोन्ही बाजूंनी ओढून ताठ करा. हे उत्तर लिहायला बसण्यापूर्वी मी तसे करून पाहिले. दोरा अटलांटिक महासागरावरून किंवा पॅसिफिकवरून जाईल असे आपल्याला वाटते, पण तो सरळ उत्तरेकडे सरकतो, क्यूबेक आणि बाफिन बेटावरून उत्तर ध्रुवाला जवळजवळ चाटून जातो आणि सायबेरिया, मंगोलिया, चीन असा खाली उतरत सिंगापूरला पोहोचतो. दोऱ्याची लांबी ३६ सेंटिमीटर भरते. एवढ्या आकाराच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे अंतर १५,३०० किलोमीटर झाले. एका दोऱ्याने इतके जवळचे उत्तर दिले, यापरते समाधान नाही.

ताठ दोऱ्याचा हा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वीचे दोन समान भाग केले, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त होय. आणि गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग नेहमी अशाच वर्तुळावरून जातो. न्यूयॉर्क–सिंगापूर ही जोडी या हिशेबासाठी फार सोयीची आहे. न्यूयॉर्कचा मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ ७३.८ अंश पश्चिम रेखांशावर आणि सिंगापूरचा १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे दोहोंमध्ये जवळपास १७८ अंशांचे अंतर असून ती पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना आहेत. त्यामुळे मार्ग ध्रुवावरूनच जातो असे धरले तरी चूक नगण्य राहते. न्यूयॉर्कचा अक्षांश ४०.६ उत्तर, म्हणून तिथून ध्रुवापर्यंत ४९.४ अंश, सिंगापूरचा अक्षांश १.४ उत्तर, म्हणून ध्रुवापासून तिथपर्यंत ८८.६ अंश. बेरीज १३८ अंश. बृहद्वृत्तावरील एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो, तेव्हा गुणाकार १५,३४६ किलोमीटर येतो. एका अंशात ६० सागरी मैल असतात, कारण सागरी मैल मुळात अंशाच्या साठाव्या भागावरूनच ठरवला गेला. म्हणून १३८ ला ६० ने गुणले, की ८,२८० सागरी मैल मिळतात.

पृथ्वी तंतोतंत गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवावर ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. दोन वेगळ्या ठिकाणी दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला, तर त्याचे कारण बहुधा हेच असते, किंवा एकाने अंतर शहराच्या मध्यापासून आणि दुसऱ्याने विमानतळापासून मोजलेले असते.

शहरे अशी समोरासमोर नसतील, तर त्रिकोणमितीचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांना रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणून ते उत्तर त्यात मिळवावे. येणारी संख्या ज्या कोनाची कोसाइन असेल, तो कोन म्हणजे अंशांतले अंतर. लंडन (५१.५ उत्तर) आणि न्यूयॉर्क (४०.७ उत्तर) यांच्या रेखांशांत ७३.९ अंशांचा फरक आहे. पहिला गुणाकार ०.५१०, दुसरा ०.१३१, बेरीज ०.६४१, कोन ५०.१ अंश आणि अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर. दोन्ही शहरे एकाच गोलार्धात नसतील, तर दक्षिण अक्षांश उणे धरावा, एवढेच पथ्य.

हा मार्ग आपल्याला विचित्र वाटतो, त्याचे कारण भिंतीवरचा सपाट नकाशा. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये जहाजांना एकच दिशा धरून जाता यावे म्हणून जो नकाशा तयार केला, त्यात ध्रुवांकडचा प्रदेश अतोनात ताणला जातो आणि बृहद्वृत्ताचा सरळ मार्ग त्यावर कमानीसारखा वाकडा दिसतो. हेलसिंकी आणि अलास्कातील अँकरेज ही दोन्ही शहरे साधारण ६० ते ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. नकाशावर त्यांना जोडणारी आडवी रेघ धरून, म्हणजे अक्षांश न सोडता गेले, तर सुमारे ९,५०० किलोमीटर पडतात. ध्रुवाजवळून गेले, तर सुमारे ६,५००. कमान दिसते म्हणून विमान वळसा घेते असे समजणे किती चुकीचे आहे, हे या तीन हजार किलोमीटरांवरून लक्षात यावे.

आता चौथा आकडा. साडेसोळा हजार हे दोन शहरांमधले अंतर नव्हे. तो त्या दिवशी विमानाने कापलेला मार्ग आहे. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारे विमान पुष्कळदा ध्रुवाकडे न जाता जपानच्या दिशेने वर चढून उत्तर पॅसिफिक ओलांडते. हा मार्ग हजारभर किलोमीटरने लांबचा आहे, तरीही त्याने लवकर पोहोचता येते. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे, लांबच्या मार्गावर पाठीमागून सरासरी ८० किलोमीटरचा वारा मिळतो आणि जवळच्या मार्गावर समोरून सरासरी २० किलोमीटरचा वारा लागतो. लांबचे १६,५०० किलोमीटर ताशी ९८० ने कापायला १६ तास ५० मिनिटे लागतील, तर जवळचे १५,३५० किलोमीटर ताशी ८८० ने कापायला सुमारे १७ तास २६ मिनिटे लागतील. इंधन जळते ते जमिनीवरच्या किलोमीटरांनुसार नव्हे, हवेत घालवलेल्या वेळानुसार. म्हणून मार्ग आखणारे लांबचाच रस्ता निवडतील आणि तेच योग्य ठरेल.

प्रश्न : लंडनहून न्यूयॉर्कला जाताना वेळापत्रकात सुमारे आठ तास आणि परतताना सुमारे सात तास का असतात? अंतर तर तेच आहे.

उत्तर : जमिनीवरचे अंतर तेच आहे, हवेतले नाही. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी प्रवासी विमाने ज्या थरातून जातात नेमक्या त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी शे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील तफावत वाढते, तेव्हा तो कधीकधी तीनशेच्याही वर जातो.

या प्रवाहांचे पहिले पद्धतशीर मोजमाप जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी केले. १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी उंचावरच्या वाऱ्यांची निरीक्षणे नोंदवली आणि जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या भाषेत प्रसिद्ध केला. दुर्दैवाने ती भाषा वाचणारे थोडेच होते आणि काम दुर्लक्षित राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी विमानांना या वाऱ्यांनी अक्षरशः जागीच रोखून धरले, तेव्हा त्यांच्या ताकदीची कल्पना आली. ओइशी यांचे नाव अधिक लोकांना ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पाठचा वारा किती मदत करतो, याचे एक ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. अटलांटिकवर मोठे वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. याचा अर्थ त्याने आवाजाचा वेग ओलांडला असा मुळीच नाही. विमान हवेत पोहते आणि हवाच पुढे वाहत असते. हवेच्या संदर्भात त्याचा वेग नेहमीएवढाच होता. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. आजची मोठी विमाने त्याच्या सुमारे ८५ टक्के वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालतात. आवाजाहून वेगाने उडणारे कॉन्कॉर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवासी सेवेत होते आणि हेच अंतर ते साधारण साडेतीन तासांत कापत असे.

जाताना वारा वेळ वाढवतो आणि येताना तेवढाच कमी करतो, म्हणून हिशेब फिटतो, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो खरा नाही. ५,५७० किलोमीटर, हवेतला वेग ९०० आणि वारा १०० धरा. पाठच्या वाऱ्याने ५ तास ३४ मिनिटे, समोरच्या वाऱ्याने ६ तास ५८ मिनिटे, एकूण १२ तास ३२ मिनिटे. वारा अजिबात नसता, तर १२ तास २३ मिनिटे पुरली असती. समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकते आणि पाठच्या वाऱ्याचा लाभ त्याला कमी वेळ मिळतो, म्हणून जाण्यायेण्यात एकंदरीत तोटाच होतो. हा तोटा कमी करण्यासाठी उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग कायमचे आखलेले नसून दिवसातून दोनदा नव्याने ठरवले जातात : पूर्वेकडे जाणाऱ्यांना प्रवाहाच्या पोटातून, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याला बगल देऊन.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखालून पृथ्वी सरकून प्रवास लवकर का संपत नाही?

उत्तर : कारण विमान, धावपट्टी आणि सगळी हवा पृथ्वीबरोबरच फिरत असते. सिंगापूरच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान इंजिन सुरू होण्याआधीच पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने जात असते, आणि ते उडाले म्हणून हा वेग नाहीसा होत नाही. मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम निश्चित होतो : विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली हवा या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि जेट प्रवाहांची दिशा त्यातून ठरते. म्हणजे पृथ्वीचे फिरणे पूर्वेकडे जाणाऱ्याला साहाय्य करते, पश्चिमेकडे जाणाऱ्याला नव्हे.

प्रश्न : तिकिटावर प्रवास साडेसात तासांचा लिहिलेला असतो आणि वैमानिक उड्डाणाआधी पावणेसात तास सांगतो. अंतरावरून वेळाचा अंदाज स्वतः कसा करावा?

उत्तर : तिकिटावरचा वेळ विमानाने आपली उभी राहण्याची जागा सोडल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर जागेपर्यंत येणे हे सर्व त्यात धरलेले असते, शिवाय उशीर झाला तरी वेळापत्रक सांभाळता यावे म्हणून थोडी सूटही ठेवलेली असते. वैमानिक सांगतो तो केवळ हवेतला वेळ. ढोबळ अंदाजासाठी मी बृहद्वृत्ताच्या अंतराला ८५० ने भागतो आणि त्यात पाऊण तास मिळवतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची भरपाई त्या पाऊण तासात होते. पर्थ ते लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर या रीतीने पावणेअठरा तासांच्या आसपास येते, आणि मार्च २०१८ पासून चालणारी तिथली थेट सेवा साधारण सतरा-साडेसतरा तासांची आहे. पूर्वेकडे जाताना या अंदाजातून थोडे वजा करावे, पश्चिमेकडे जाताना थोडे मिळवावे.

प्रश्न : टोकियोहून संध्याकाळी निघालेली व्यक्ती लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी पोहोचते असे ऐकले. मग उड्डाणाचा खरा वेळ घड्याळावरून कसा काढायचा?

उत्तर : ऐकलेले खरे आहे. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि तारीख एक दिवस मागे येते. खरा वेळ काढायचा, तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून घ्याव्यात. १५ जानेवारीला विमान टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघाले. जपानची वेळ ९ तास पुढे, म्हणून जागतिक वेळ सकाळचे ८. दहा तास उडून ते उतरले तेव्हा जागतिक वेळ संध्याकाळचे ६ झाले. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून तिथे १५ जानेवारीचेच सकाळचे १० वाजले होते. विमानतळावरचे घड्याळ निघण्याच्या वेळेपेक्षा सात तास मागची वेळ दाखवेल. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि जपानमध्ये तशी पद्धत नाही, तेव्हा हिशेब करताना महिना पाहणे आवश्यक आहे.

प्रमाणवेळांत न शिरताही एक पडताळा घेता येतो. परतीचे विमान तिथून सकाळी ११ वाजता निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता टोकियोला पोहोचले, तर घड्याळाचा फरक २९ तासांचा दिसेल. जातानाचा फरक उणे ७ आणि येतानाचा अधिक २९; दोन्हींची बेरीज २२ तास. जाताना १० आणि येताना १२ तास उड्डाण झाले असल्याने ही बेरीज बरोबर जुळते. प्रमाणवेळेतला फरक जाताना जेवढा वजा होतो, तेवढाच येताना मिळतो आणि बेरजेत नाहीसा होतो.

प्रश्न : हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास पूर्वी साडेनऊ तासांचा होता, तो तेरा तासांपर्यंत कसा वाढला? विमाने तर पूर्वीपेक्षा चांगली झाली आहेत.

उत्तर : विमाने तीच आहेत, रस्ता बंद झाला आहे. या दोन शहरांमधले अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर असून बृहद्वृत्ताचा मार्ग जवळजवळ पूर्णपणे रशियावरून जातो. २०२२ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. तेव्हापासून फिनलंडची विमाने एक तर दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे किंवा उत्तरेकडून आर्क्टिकवरून वळसा घालून जपानला जातात.

अंतराच्या हिशेबात न दिसणारी आणखीही बंधने असतात. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत असावा लागतो. ही मर्यादा पूर्वी ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये प्रथमच १२० मिनिटांची मुभा मिळाली आणि आज काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत परवानगी आहे. सिडनी ते सँतियागो यांसारखे दक्षिणेकडचे ओसाड समुद्रावरचे मार्ग दोन इंजिनांच्या विमानांना खुले झाले, ते या सवलतीमुळेच. ध्रुवाकडच्या मार्गांवर थंडीचीही काळजी घ्यावी लागते : विमानांचे जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते, त्यामुळे टाकीतील इंधनाच्या तापमानावर वैमानिकांचे लक्ष असते आणि गरज पडल्यास ते कमी उंचीवर, थोड्या उबदार हवेत उतरतात.

बंद आकाशाचा हा अनुभव नवा नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघावरून जाता येत नसल्यामुळे स्कँडिनेव्हियन कंपनीने फेब्रुवारी १९५७ मध्ये कोपनहेगन ते टोकियो ही सेवा उत्तर ध्रुवावरून, अँकरेजला थांबा घेऊन सुरू केली होती. त्यानंतर कित्येक वर्षे युरोप आणि जपान यांच्यामध्ये जाणाऱ्या प्रवाशांना अँकरेजच्या विमानतळावर उतरून इंधन भरले जाईपर्यंत थांबावे लागत असे. आज हेलसिंकीहून निघून ध्रुवाकडून जपानला जाणारे विमान त्याच प्रदेशावरून जाते. फरक एवढाच, की त्याच्या टाकीत आता सगळा पल्ला मावतो आणि अँकरेजला थांबावे लागत नाही.